हिरव्याला हात मागे

मीटिंग रूमच्या भिंतीवर, काळ्या पडद्याच्या मधोमध, एक पांढरं अधिकचं चिन्ह उमटलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं.

मी हसतमुखानं बाजूला उभा. अर्ध्या सेकंदात ते चिन्ह जाणार, त्या जागी रंगीत गोळा येणार, आणि सोनवण्यानं कंपनीला केवढी मोठी गोष्ट फुकटात करून दिली हे सगळ्यांना कळणार, असा माझा बेत. अर्धा सेकंद गेला. एक मिनिट गेलं. चिन्ह हलेना. माझं हसू मात्र हललं.

"सोनवणे," प्लँट हेड शितोळे साहेब म्हणाले, "ही बेरीज नक्की कशाची चाललीय?"

"साहेब, ध्यानधारणा असेल," एचआरच्या रेवती मॅडम म्हणाल्या. "मला तर बरं वाटायला लागलंय."

घोटाळा माझाच होता. माझं निम्मं आयुष्य मशीनच्या वायरिंगमध्ये गेलं, आणि आमच्याकडे टायमर लावायचा तो मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. अर्धा सेकंद म्हणजे पाचशे. मी सवयीनं पाचशे लिहून मोकळा झालो. हे सॉफ्टवेअर मात्र सरळ सेकंदात मोजत होतं. म्हणजे कंपनीच्या समस्त साहेबलोकांना मी आठ मिनिटांहून जास्त वेळ अधिकच्या चिन्हाकडे बघत बसायची शिक्षा ठोठावली होती. मध्येच बंद करायचं बटण कुठलं, ते ऐन वेळी आठवेना. शेवटी टेबलाखाली वाकून कॉम्प्युटरचा प्लगच उपटला.

शितोळे साहेब उठता उठता म्हणाले, "वायर ओढल्यावर बंद होतं ना? मग हरकत नाही. करा चालू."

अशी त्या सॉफ्टवेअरची आमच्या कारखान्यात प्राणप्रतिष्ठा झाली.

आता आमचा धंदा सांगतो. चाकणला आमचा कारखाना आहे. गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग आम्ही ठोकतो. 'ठोकतो' हा शब्द शब्दशः घ्यायचा. प्रेस नावाचं दोन मजली धूड वरून खाली येतं आणि सपाट पत्र्याचा दरवाजा होतो. मध्ये चुकून बोट आलं तर त्याचंही काहीतरी होतं, पण ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचण्यासारखं नाही. म्हणून प्रेसवरच्या प्रत्येक माणसाची दरवर्षी सतर्कता चाचणी होते. दिवा दिसल्यावर हात किती लवकर हलतो, आणि नको तेव्हा हलत तर नाही ना, एवढंच बघायचं. मी आधी मेंटेनन्सला होतो. गुडघे बोलायला लागले तेव्हा कंपनीनं मला ट्रेनिंग सेंटरची खुर्ची दिली, आणि खुर्चीबरोबर ही चाचणीही.

पूर्वी एक एजन्सी यायची. त्यांच्याकडे दिवे बसवलेली एक बंद पेटी होती. माणूस पेटीसमोर बसायचा, दिवे लागायचे, आणि शेवटी एक चिठ्ठी बाहेर यायची: पास किंवा नापास. का पास, का नापास, ते पेटीला ठाऊक आणि परमेश्वराला. मी एकदा विचारलं तर एजन्सीवाला म्हणाला, "सर, ते आतलं आहे." जणू पेटी एखाद्या चांगल्या घरची सून होती.

पुढे एजन्सीनं गाशा गुंडाळला, आणि नेमकी त्याच सुमाराला आमच्या चिखलीच्या घरात क्रांती झाली. मुलगी केतकी मानसशास्त्रात एम.ए. करत होती. तिला कॉलेजच्या प्रयोगासाठी माणसं हवी होती. घरात आम्ही दोघंच फुकट मिळण्यासारखे. डायनिंग टेबलावर लॅपटॉप ठेवून तिनं आधी आईला बसवलं, मग मला. गोळा दिसला की बटण दाबायचं. निकाल ऐकून सुनंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, हसत हसत भाजी ढवळायला उठली. तिचा वेग माझ्यापेक्षा इतका बरा होता की मी लॅपटॉपच्या बॅटरीवर संशय घेतला.

पण हरलेला माणूस चौकस होतो. मी विचारलं, "हे सॉफ्टवेअर कितीला पडलं?"

"फुकट आहे, बाबा. जगभरातले प्रोफेसर, विद्यार्थी मिळून लिहितात आणि सगळ्यांना देऊन टाकतात. मानसशास्त्राचे प्रयोग ह्यावरच होतात आता. आतलं सगळं उघडं असतं. बघायचंय?"

आणि तिनं ते उघडून दाखवलं! इतकी वर्षं बंद पेटीपुढे हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसाला थेट गाभाऱ्यात सोडल्यासारखं झालं. बाहेरच्या लोकांना मी असं समजावतो: हॉटेलातली भाजी खारट निघाली तर आपण नाक मुरडून पैसे देतो. शेजारणीनं भाजी दिली आणि वर कृतीही लिहून दिली, तर पुढच्या वेळी मीठ आपल्या हातात. उघडं सॉफ्टवेअर म्हणजे ती कृती. आणि तुम्ही एखादी सुधारणा केलीत तर ती शेजारणीला परत सांगायची, एवढाच त्यातला शिष्टाचार.

मी जुन्या पेटीची नक्कल केली. तिच्यात हिरवा आणि लाल असे दोन दिवे होते. मीही हिरवा आणि लाल गोळा घेतला. हिरवा दिसला की स्पेसबार दाबायचा, लाल दिसला की दाबायचा नाही. मधला तो अधिकचा पाहुणा नजर मध्यभागी राहावी म्हणून. सूचना मराठीत लिहिल्या आणि दुकान उघडलं.

गिऱ्हाईकं काय एकेक आली! एक जण स्पेसबारवर असा गुद्दा हाणायचा की कीबोर्ड टेबलावरून उडायचा. मी म्हटलं, "भाऊ, हळू." तो म्हणाला, "सर, हळू दाबला आणि नोंद नाही झाली तर?" नव्या भरतीतल्या एकानं दारातच विचारलं, "याचं गाईड मिळतं का बाजारात?" एका जुन्या फोर्कलिफ्टवाल्यानं चपला बाहेर काढल्या, कॉम्प्युटरला नमस्कार केला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "राव, पोरांसमोर नापास नका करू. करायचंच असलं तर मागनं सांगा."

पण माझी खरी खोड जिरवली ती चिंचवडच्या ढोलपथकातल्या एका वादकानं. गडी डोळे अर्धे मिटून, मान डोलवत बटण दाबत होता. निकाल पाहिला तर गोळा दिसायच्या आत याचा हात पडलेला. मी चक्रावलो. मग उजेड पडला. दोन गोळ्यांमधलं अंतर मी दर वेळी सारखंच ठेवलं होतं, आणि सलग हिरवे आले की यानं त्याचा ठेका धरला होता. मी विचारलं, "स्क्रीनकडे बघत होतास का रे?"

"कशाला, सर? सरळ तर ताल आहे."

त्या दिवशी मी कृतीतलं मीठ पहिल्यांदा बदललं. एक ओळ खोडली, दुसरी लिहिली, आणि गोळा कधी लवकर तर कधी उशिरा येऊ लागला. ढोलवाला पुन्हा बसला आणि पंचवीस जणांत एकट्यानं बेताल झाल्यासारखा कावराबावरा झाला. पास झाला, पण मला म्हणाला, "सर, मजा घालवलीत." मला मात्र त्या एका ओळीनं जो माज चढला, तो बरेच दिवस उतरला नाही. घरीही मी जेवताना 'माझ्या कोडमध्ये' अशी वाक्यं सुरू करायला लागलो. सुनंदा तेवढ्यात आमटी वाढायची.

माज उतरवला ज्ञानोबानं.

ज्ञानोबा परभणीकडचा. तरुणपणी चाकणला आला आणि प्रेस शॉपमध्येच राहिला. कमी बोलणारा, टोपी व्यवस्थित घालणारा. प्रेसवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाची दहाच्या दहा बोटं शाबूत असणं हेच त्याचं प्रगतिपुस्तक असतं, आणि ज्ञानोबाची दहाच्या दहा होती. मला वाटलं, हा तर आपल्या चाचणीचा जाहिरातीचा माणूस.

ज्ञानोबा नापास झाला. हिरव्याला हात हलत नव्हता, लालला मात्र चपापून पडत होता. मी म्हटलं, आज झोप नीट झालेली नसेल. दुसऱ्यांदा बसवला. पुन्हा तेच. त्याच्या वयाचे आणखी चार जण होते, तेही थोड्याफार फरकानं तसेच. नवी पोरं मात्र धडाधड पास.

रेवती मॅडमनी यादी पाहिली. "वय, सर. दुसरं काय? वाईट वाटतं, पण प्रेसवर ठेवता येणार नाही. कस्टमरचं सेफ्टी ऑडिट आहे पुढच्या आठवड्यात. नियमाप्रमाणे तिसरा चान्स द्या, नाहीतर ज्ञानोबांना पॅकिंगला."

संध्याकाळी बससाठी निघालो तर गेटजवळ ज्ञानोबा उभा.

"साहेब, मी काय झोपायलो का हो तिथं?" आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "लाल दिसला की हात आपोआप उठायलाय. मी काय करू? ह्या वयात पुठ्ठ्याला चिकटपट्टी लावत बसू का?"

"नियम आहे, ज्ञानोबा. मशीननं मोजलंय ते."

त्यानं दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले. "मग हे बी मोजा की."

बस तळवड्याच्या चौकात नेहमीप्रमाणे अडकली. खिडकीबाहेर सिग्नल लाल होता, हिरवा होत होता, पुन्हा लाल होत होता, आणि मी त्याच्याकडे बघत ज्ञानोबाच्या बोटांचा विचार करत होतो. उत्तर डोळ्यांसमोर लुकलुकत होतं म्हणा ना. पण ते ओळखायला जी सतर्कता लागते, तिची चाचणी आमच्याकडे नव्हती.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, माणूस कामावर कसा आहे ते तरी बघावं. प्रेस शॉपमध्ये गेलो. ज्ञानोबा आपल्या मशीनपाशी उभा होता, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मशीनच्या डोक्यावर हिरवा दिवा. पत्रा आपोआप आत जात होता, प्रेस आपोआप खाली येत होता. आवाजात बोलता येईना म्हणून मी जवळ सरकलो आणि नवी जाळी बसवली होती ती बघायला सहज हात पुढे केला.

ज्ञानोबानं माझं मनगट असं पकडलं की घड्याळाचा पट्टा तुटला.

"हिरवा हाय साहेब! हात मागं!"

मी ओशाळून हात मागे घेतला. तेवढ्यात आत काहीतरी अडकलं, प्रेस थांबला, आणि डोक्यावर लाल दिवा लागला. ज्ञानोबा, जो चाचणीत दगडासारखा बसला होता, तो मांजरासारखा झेपावला. लॉक लावलं, चिमट्यानं वाकडा तुकडा काढला, लॉक काढलं, बटण दाबलं. हिरवा लागला. ज्ञानोबाचे हात पुन्हा पाठीमागे.

मी मनगट चोळत तसाच उभा राहिलो.

ज्यांनी कारखाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रस्त्यावर हिरवा म्हणजे 'जा' आणि लाल म्हणजे 'थांब'. प्रेसवर बरोबर उलटं. तिथं दिवा मशीनबद्दल बोलत असतो. हिरवा म्हणजे मशीन चालू आहे, तू लांब राहा. लाल म्हणजे मशीन थांबलंय, तू ये. आमची चाचणी सांगत होती, हिरव्याला हात पुढे कर. जो माणूस जितकी जास्त वर्षं जितक्या काळजीनं प्रेसवर उभा राहिला, तो तितका जास्त नापास होणार. नवी पोरं पास होत होती कारण त्यांच्या हातांना अजून प्रेस कळलेलाच नव्हता. जुन्या पेटीचे दिवे सावकाश लागायचे, म्हणून ज्ञानोबा तिच्यातून दरवर्षी कसाबसा निसटत होता. आणि हे मला कळू नये? त्या मशीनच्या डोक्यावरचे दिवे मेंटेनन्सला असताना मीच बसवले होते! कधी कारखाना न पाहिलेली केतकीची एखादी मैत्रीण चुकली असती तर समजू शकलो असतो.

"ज्ञानोबा, हे हात मागे ठेवायचं तुला कुणी शिकवलं?"

"शितोळे साहेबांनी. तवा ते आमचे सुपरवायजर होते. त्याच्याआधी ह्याच लायनीवर ऑपरेटर. 'हिरव्याला हात मागे, लालला पाय पुढे.' रोज म्हणून घ्यायचे, शाळेतल्यावानी. विसरला की टोपीवर टपली."

मी ट्रेनिंग सेंटरला जवळजवळ पळत आलो. गुडघ्यांनीही त्या दिवशी सहकार्य केलं. सॉफ्टवेअर उघडलं आणि रंग बदलले. हिरव्याच्या जागी निळा, लालच्या जागी पांढरा. आमच्या शॉपमध्ये या रंगांचा एकही दिवा नाही. निळा दिसला की दाबायचं, पांढऱ्याला नाही. बाकी सगळं तसंच, वेळ तीच, संख्या तीच. काम चहा गार व्हायच्या आत झालं. जुनी पेटी असती तर एजन्सीला पत्र, पत्राला उत्तर, उत्तरात 'ते आतलं आहे', आणि तोवर ज्ञानोबाच्या हाती चिकटपट्टी.

मॅडमना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग नेमक्या जागी बोट ठेवलं. "सर, सॉफ्टवेअर तुम्हीच आणलं. आता तुमच्या ओळखीचा माणूस नापास झाला, तर सॉफ्टवेअर बदलायचं? ऑडिटरला काय सांगू? जो नापास होईल त्याच्या आवडीचे रंग लावतो?"

प्रश्न चोख होता. मला उत्तर सुचलं ते प्लँट हेडच्या पदाला शोभणारं नव्हतं, पण सुचलं.

"मॅडम, तिसऱ्या चान्सला शितोळे साहेबांना बोलवू या."

साहेब आले. ट्रेनिंग हॉलमध्ये ज्ञानोबा, त्याचे ते चार जोडीदार, मॅडम, आणि दाराशी प्रेस शॉपची निम्मी शिफ्ट. मी म्हटलं, "साहेब, सुरुवात तुमच्या हातानं." त्यांना वाटलं फीत कापायची आहे. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि जुनीच, लाल-हिरवी चाचणी लावली.

"सोपं आहे की," साहेब म्हणाले. "हिरव्याला दाबायचं. लालला गप्प बसायचं."

पहिले दोनतीन गोळे ठीक गेले. मग वेग वाढला. हिरवा आला, साहेबांचा हात जागेवरच. लाल आला, फाट्! पुन्हा लाल, फाट्! साहेबांचे कान लाल झाले. "थांबा, थांबा. कळतंय मला. हात ऐकत नाहीये." पुढच्या हिरव्याला तर त्यांचा हात चक्क खुर्चीच्या मागे गेला. दाराशी उभ्या असलेल्या लोकांनी तोंडावर रुमाल धरले. ज्ञानोबा एकटाच हसत नव्हता. तो साहेबांच्या हाताकडे असा बघत होता, जसा आपण गर्दीत अचानक गाववाला दिसला की बघतो.

चाचणी संपली. मी निकाल मोठ्यानं वाचला नाही. गरजच नव्हती. साहेबांनी खुर्ची वळवली.

"मॅडम, मला कधी पाठवताय पॅकिंगला?"

मग जो हशा झाला तो प्रेसच्या आवाजावरही ऐकू गेला असेल. मॅडम सगळ्यात मोठ्यानं हसत होत्या. हसू ओसरल्यावर मी उभा राहिलो आणि आयुष्यातलं पहिलं भाषण एका वाक्यात केलं: "माणूस चुकलेला नाही, साहेब. प्रश्न चुकला होता."

"बोलू नका, दाखवा," साहेब म्हणाले. "ज्ञानोबा, बस."

ज्ञानोबानं टोपी सारखी केली. पॅन्टला तळवे पुसले. अधिकचं चिन्ह आलं, या वेळी अर्ध्याच सेकंदासाठी, आणि मग निळा गोळा. टक. पांढरा. शांत. निळा, टक. निळा, टक. पांढरा, शांत. मी त्याच्या पाठीमागे उभा राहून श्वास रोखून धरला होता. केतकीच्या दहावीच्या निकालालाही मी इतका धरला नव्हता. पांढऱ्याला एकदाही हात हलला नाही. वेग असा की पूर्ण बॅचमध्ये त्याच्या पुढे एकटा ढोलवाला.

त्याचे चार जोडीदारही पाठोपाठ बसले आणि पास झाले. मॅडमनी लगेच नव्या पोरांनाही निळ्या-पांढऱ्यावर पुन्हा बसवायला लावलं. "आता सगळ्यांना एकच मोजमाप, सर. ऑडिटरला मी स्वतः समजावते." आणि समजावलंही. ऑडिटर म्हणे निघताना आपल्या दुसऱ्या कारखान्यासाठी ती फाईल मागून घेऊन गेला. फुकट. शेजारणीची कृती.

ज्ञानोबा माझ्याकडे आला. मला वाटलं आता डोळे भरून येणार. त्यानं खिशातून माझ्या घड्याळाचा तुटलेला पट्टा काढला. नीट शिवून आणला होता. "हात मागं ठेवत जावा, साहेब," एवढंच म्हणाला आणि शिफ्टला गेला.

एक गोष्ट मात्र टोचते. जुन्या बंद पेटीच्या काळात असेच काही जण नापास होऊन पॅकिंगला गेले होते. मॅडमनी त्यांना शोधून परत बसवलं. दोघं प्रेसवर परतले. एक जण तोवर नोकरी सोडून गावी निघून गेला होता. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "जाऊ द्या सर, आता म्हशी घेतल्यात." म्हशींना दिवे नसतात, एवढंच मी स्वतःला समजावलं.

निळी-पांढरी चाचणी मराठी सूचनांसकट मी त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या जागतिक चावडीवर टाकली. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या प्राध्यापकबाईंनी विचारलं, साध्या लाल-हिरव्यात काय वाईट होतं? मी माझ्या इंग्रजीत सगळी हकीकत लिहिली. त्यांचं उत्तर आलं की आता त्या वर्गात शिकवताना आधी विचारतात, समोरचा माणूस कुठं काम करतो. चाकणचा प्रेस शॉप सातासमुद्रापार शिकवला जातोय, राव! त्या रात्री मी उपाशी झोपलो असतो तरी चाललं असतं.

अर्थात उपाशी झोपलो नाही. जेवताना सगळी गोष्ट सुनंदाला सांगितली. तशी ती तिनं आधीही ऐकली होती. शितोळे साहेबांच्या हाताचा अभिनय करून सांगितली, प्राध्यापकबाईंचं पत्र वाचून दाखवलं, आणि शेवटी ते वाक्यही टेचात म्हटलं: माणूस चुकलेला नाही, प्रश्न चुकला होता.

सुनंदानं माझ्या पानात भात वाढला.

"ज्ञानोबांच्या बाबतीत तुम्हाला हे आठवड्यात कळलं," ती म्हणाली. "आपल्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. अजून तुम्ही माझेच मार्क कापताय."